‘कट्टर ख्रिश्चन’ म्हणून मोकळे होऊ नका

प्रति,
संपादक,
सर्व मराठी वृत्तपत्रं आणि वृत्तवाहिन्या

सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या निकालाच्या दिवशी नगरहून माझ्या भाच्याने एक क्लिप पाठवली. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडून नगरच निघतं.) एका मराठी वाहिनीवर अमेरिकेचा नकाशा लाल होत चालला होता आणि निवेदक सांगत होता की इव्हॅन्जेलिकल म्हणजे धर्मांतर करणारे कट्टर ख्रिश्चन, त्यांचा गठ्ठा ट्रम्प यांच्याकडे गेला. पुढची बातमी कांद्याच्या भावाची होती. क्लिपच्या खाली भाच्याचा प्रश्न: ‘‘मावशी, म्हणजे तू का?’’

मी हसणारं तोंड पाठवून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर ‘हो’ असंही होतं आणि ‘नाही’ असंही, आणि दोन्ही सांगायला व्हॉट्सॅप पुरत नव्हतं. ते उत्तर आता तुम्हाला लिहिते आहे. येत्या ३ नोव्हेंबरला इथे मध्यावधी (म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या, संसदेच्या) निवडणुका आहेत, तुमच्याकडे पुन्हा पॅनेल बसेल, आणि तोच गठ्ठा पुन्हा टेबलावर येईल.

मी पेशाने नर्स. १९९८ च्या उन्हाळ्यात टेक्सासला आले, तेव्हापासून डॅलसच्या उत्तरेला राहते. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं, पणजोबा मिशनच्याच शाळेत शिकून मास्तर झाले. इथे रविवारी सकाळी मी जाते ती मंडळी सदर्न बॅप्टिस्ट आहे, दहातले आठ-नऊ जण गोरे. महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही मराठी लोक कुणाच्या तरी घरी जमतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो, प्रार्थना लांबते, रस्सा निवतो. थोडक्यात, तुमच्या त्या गठ्ठ्याच्या कडेला बसणारी ही बाई आहे.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘इव्हॅन्जेलिकल’ ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ चांगली बातमी. मराठी पवित्र शास्त्रात त्यालाच सुवार्ता म्हटलंय. बातमीचाच धंदा करणाऱ्यांना हा शब्द अवघड जावा याची मला गंमत वाटते. हा पंथ नाही. याला पोप नाही, मुख्य कचेरी नाही, सभासदांचं एक रजिस्टर नाही. बॅप्टिस्टांत हे लोक आहेत, पेंटेकॉस्टलांत आहेत, आणि पंथाची पाटीच न लावणाऱ्या, आवारात हजारभर गाड्या उभ्या राहतील अशा मंडळ्यांत तर खूपच आहेत. शास्त्राचा शब्द शेवटचा, वधस्तंभाशिवाय तारण नाही, माणसाने नव्याने जन्मलं पाहिजे आणि हे दुसऱ्याला सांगितलंही पाहिजे, एवढ्यावर त्यांचं एकमत. कॅथलिक यात येत नाहीत. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स कॅथलिक आहेत, तेव्हा कृपा करून त्यांना यात ओढू नका.

आमच्या मंडळीपासून चार मैलांवर कृष्णवर्णीयांची एक बॅप्टिस्ट मंडळी आहे. शास्त्र तेच, बाप्तिस्मा तसाच पाण्यात पूर्ण बुडवून. पाळकांचा उपदेश आमच्यापेक्षा लांब आणि, खरं सांगायचं तर, आमच्यापेक्षा चांगला. तिथली घरंच्या घरं पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत आली आहेत. पाहणी करणारे त्यांचा रकाना वेगळा ठेवतात. स्पॅनिश बोलणाऱ्या इव्हॅन्जेलिकलांचा रकाना आणखी वेगळा, आणि तो मात्र गेल्या निवडणुकीत ट्रम्प यांच्याकडे बराच झुकला. तुमच्यापर्यंत पोचतो तो ‘पाचांत चार’ हा आकडा फक्त गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांचा असतो. इंग्रजी बातमीत ‘गोरे’ हा शब्द असतो. मराठीत येताना तो गळतो.

रागावू नका, पण पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात इथे राहिल्या, हिंडल्या, लोकांच्या घरी उतरल्या, आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहून मोकळ्या झाल्या. अमेरिकेचं कौतुक आहे त्यात, आणि काळ्यांना इथे कसं वागवलं जातं याबद्दल चीडही आहे. तेव्हा ना टीव्ही होता ना विमान. आज सगळं आहे, तरी आम्हाला मिळतो तो एजन्सीच्या बातमीतला एक परिच्छेद, तोही अर्धा.

आता मुद्द्याचं. गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांची मतं गेली वीस वर्षं जवळजवळ जागची हललेली नाहीत. २००४ मध्ये बुश यांना ७८ टक्के, २०१२ मध्ये रॉम्नी यांना तेवढीच, २०१६ पासून ट्रम्प यांना ८० च्या आसपास. आकडा असा सपाट दिसला की तुम्ही म्हणता, हे लोक बदलत नाहीत. मला इथे राहून नेमकं उलट दिसलं. मत तिथेच राहिलं आणि मत देणारा आतून बदलला. कुणाला मत द्यायचं हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. पुढाऱ्यात काय पाहायचं, काय पोटात घालायचं, कशाला भ्यायचं, हे मात्र सगळं हललं. ही हालचाल मतमोजणीच्या पडद्यावर येत नाही, म्हणून तुमच्याकडेही येत नाही.

थोडं मागे जाऊ. १९७६ मध्ये जिमी कार्टर निवडून आले. जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या गावचे शेंगदाण्याचे शेतकरी, सदर्न बॅप्टिस्ट, रविवारी शास्त्र शिकवणारे मास्तर. ‘मी नव्याने जन्मलेला आहे’ असं ते उघड सांगत, आणि पत्रकार एकमेकांना विचारत की म्हणजे काय. ‘न्यूजवीक’ने त्या वर्षाला इव्हॅन्जेलिकलांचं वर्ष म्हटलं. आमच्या मंडळीतली म्हातारी माणसं अजून सांगतात, तेव्हा वाटलं होतं आपला माणूस गेला व्हाइट हाउसात.

चारच वर्षांनी याच लोकांतल्या बहुतेकांनी आपल्या माणसाला पाडलं आणि घटस्फोट झालेल्या, हॉलिवूडमधून आलेल्या रेगन यांना निवडलं. मधल्या काळात काय घडलं? तुमच्या पॅनेलवर याचं उत्तर एका शब्दात येतं: गर्भपात. ते अर्धंच खरं आहे. १९७१ मध्ये सेंट लुईसला सदर्न बॅप्टिस्टांचं वार्षिक अधिवेशन भरलं, त्यात ठराव झाला होता की बलात्कार, जवळच्या नात्यातले संबंध, गर्भात गंभीर दोष, किंवा आईच्या शरीराला वा मनाला अपाय अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. त्या काळी तो कॅथलिकांचा विषय मानला जाई. गोऱ्या दक्षिणेत खरी आग लागली ती करावरून. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाने वंशभेद सोडला नाही म्हणून १९७६ मध्ये सरकारने त्याची करमाफी काढली आणि खासगी ख्रिस्ती शाळांना वाटलं, आता आपली पाळी. काही इतिहासकार या कराच्या भांडणालाच इव्हॅन्जेलिकलांच्या राजकीय चळवळीचं मूळ मानतात. माझं मत विचाराल तर दोन्ही लाकडं एकाच चुलीत होती, पण पहिली कोणती पेटली हे दडवलं जातं. १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाळक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना उभी केली. १९८० च्या ऑगस्टमध्ये इथे डॅलसला हजारो पाळकांसमोर रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ त्या सभेत होते. अजूनही ते सांगताना त्यांचा आवाज भरून येतो.

सदर्न बॅप्टिस्टांचा संघ १८४५ मध्ये स्थापन झाला तोच गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवता यावं या भांडणातून. त्याबद्दल संघाने जाहीर माफी मागितली १९९५ मध्ये. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. त्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांतही सुवार्ता सांगणारे होते आणि विरोधकांतही. एकाच शास्त्रातून दोघांनी वचनं काढली. तेव्हा ‘ख्रिश्चन मत’ असा एकवचनी शब्दप्रयोग करताना जरा जपून.

मी इथे आले त्या १९९८ च्या जूनमध्ये सगळ्या टीव्हीवर क्लिंटन आणि त्यांचं ते प्रकरण होतं. त्याच महिन्यात सदर्न बॅप्टिस्टांनी सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या चारित्र्याविषयी ठराव केला. पुढाऱ्यांचं गंभीर दुराचरण खपवून घेतलं तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते, असा त्याचा आशय. आमच्या पाळकांनी तो उपासनेत वाचून दाखवला. मी नवी, इंग्रजी कानाला अजून बोचत होतं, तरी त्या सकाळी मला अभिमान वाटला. आमच्या नगरच्या मंडळीतही एखाद्या पंचाचं पाऊल घसरलं तर त्याला पुढच्या बाकावरून उठवत. म्हटलं, इथेही तेच आहे, आपण घरी आलो.

मग आकडा बघा. सार्वजनिक धर्मजीवनाचा अभ्यास करणाऱ्या पीआरआरआय या संस्थेने एकच प्रश्न दोनदा विचारला: खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा पुढारी सार्वजनिक काम नीतीने करू शकतो का? २०११ मध्ये गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांतले ३० टक्के ‘हो’ म्हणाले. २०१६ मध्ये ७२ टक्के. अवघ्या पाच वर्षांत! २०११ मध्ये या बाबतीत सगळ्यांत कडक असलेला गट २०१६ मध्ये सगळ्यांत सैल झाला. कोणतंही शास्त्रवचन त्या पाच वर्षांत बदललं नव्हतं. बदलला होता तो उमेदवार.

माझं स्वतःचं सांगते, नाहीतर दुसऱ्यांची झडती घेऊन मोकळी झाले असं व्हायचं. नागरिकत्व मिळाल्यावर राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिलं मत मी २०१२ मध्ये दिलं, रॉम्नी यांना. ते मॉर्मन. आमच्याकडे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं होतं की मॉर्मन हा भरकटलेला पंथ आहे. त्या ऑक्टोबरात रॉम्नी नामवंत सुवार्तिक बिली ग्रॅहम यांना भेटून आले आणि ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून मॉर्मन हे नाव अशा पंथांच्या यादीतून गुपचूप निघालं. मला ते खटकलं, तरी मत दिलं. आता वाटतं, दोर तिथेच सैल झाला होता. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा सोडून बाकीचे भरले. त्यापुढचं विचारू नका, घरातसुद्धा सांगितलेलं नाही.

२०१६ मध्ये डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांनी जे सांगितलं त्यात सगळं आलं. त्या पदावर मला सौम्य माणूस नको, सापडेल तितका दांडगा आणि खमक्या हवा, असा त्यांचा सूर होता. आमच्याच मंडळीतले एक डीकन (मंडळीचं कामकाज बघणारे सेवक) आहेत, सत्तरीचे, हात कायम ग्रीसने काळे. ते मला म्हणाले, ‘‘रात्री घरात चोर शिरला की दाराशी बांधलेला कुत्रा प्रार्थना करतो का, हे कुणी बघत नाही.’’ मी म्हटलं, कुत्रा आपल्यालाच चावला तर? ते हसले. उत्तर दिलं नाही.

याला शास्त्राचा आधारही शोधला गेला, आणि तो तुम्हाला समजून घ्यावाच लागेल, नाहीतर हे लोक ढोंगी आहेत एवढंच म्हणून तुम्ही पुढे जाल. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४५ वा अध्याय पर्शियाच्या कोरेश राजाविषयी आहे. कोरेश परधर्मी, देवाला न ओळखणारा. तरी देव त्याला अभिषिक्त म्हणतो, कारण त्याच्या हातून यहुदी बंदिवासातून सुटणार असतात. ट्रम्प पहिल्या खेपेला ४५ वे राष्ट्राध्यक्ष. अध्याय ४५. मी ज्या ज्या घरी प्रार्थनेला गेले तिथे कुणीतरी हा योग मला सांगितलाच, आणि आपल्याकडे पत्रिका जुळल्यावर चेहऱ्यावर येतो तसा आनंद सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे. कार्टर यांना मत देताना कसोटी होती, हा आपल्यातला आहे का? कोरेशाला ती कसोटी लागतच नाही. तो आपल्यातला नसला तरी चालतं, उलट नसला तर बरंच. चाळीस वर्षांत हे लोक शास्त्र शिकवणाऱ्या मास्तरापासून परक्या राजापर्यंत आले, आणि तुमच्या पडद्यावर फक्त एक लाल नकाशा होता.

भीती कसली, हेही विचारा. पीआरआरआयच्याच मोजणीत २००६ मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येत गोरे इव्हॅन्जेलिकल २३ टक्के होते, २०२० मध्ये साडेचौदा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाह देशभर वैध ठरवला, तेव्हा आमच्या मंडळीत एखादं मूल गेल्यासारखी शांतता होती. नातवंडं चर्चला येत नाहीत. शाळेत काय शिकवतात ते कळत नाही. काल आपण यजमान होतो, आज पाहुणे, आणि उद्या बहुधा बाहेर, हे त्यांच्या मनात बसलंय. संख्येने मोठ्या समाजाला आपणच वेढले गेलो आहोत असं वाटू लागलं की तो कसा वागतो, हे मी तुम्हाला शिकवायला नको. तुम्ही रोज प्राइम टाइमला तेच दाखवता.

आणि सौदा त्यांच्या मते फळाला आला. ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायाधीशांसह सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. पन्नास वर्षं ज्यासाठी गुडघे टेकले ते मिळालं. त्या दिवशी डीकन मला म्हणाले, ‘‘बघ, कुत्रा चावला का?’’

पुढचं त्यांना अवघड गेलं. २०२४ च्या जुलैमध्ये रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीची जुनी मागणीच काढून टाकली आणि विषय राज्यांवर सोडला. त्याआधी महिनाभरच सदर्न बॅप्टिस्टांनी इंडियानापोलिसला टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्राविषयी सावधगिरीचा ठराव केला होता, कारण त्यात गर्भ वाया जातात. ट्रम्प यांनी त्याच उन्हाळ्यात या उपचाराचा खर्च सरकार किंवा विमा कंपन्या उचलतील असं आश्वासन दिलं. स्वतः इव्हॅन्जेलिकल असलेले माइक पेन्स, चार वर्षं त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष, यांनी त्यांना पाठिंबा द्यायचं नाकारलं. आणि मतं? पुन्हा पाचांत चार. अर्ध्या शतकाचा मुद्दा पक्षाने बाजूला ठेवला आणि मतदार जागचा हलला नाही. तेव्हा मला कळलं की मुद्दा पक्षाला ओढत नव्हता. पक्षच माणसांना ओढत होता.

प्यू संशोधन केंद्राची एक पाहणी याच्याही पुढची आहे. २०१६ मध्ये स्वतःला इव्हॅन्जेलिकल न म्हणवणारे, पण ट्रम्प यांच्याबद्दल आपुलकी असणारे जे गोरे होते, त्यांतले १६ टक्के २०२० पर्यंत स्वतःला इव्हॅन्जेलिकल म्हणवू लागले. ज्यांना ट्रम्प आवडत नव्हते त्यांच्यात असं जवळजवळ कुणीच केलं नाही. माझ्या ओळखीत असे दोघे आहेत. रविवारी मासे पकडायला जातात, शास्त्राचं पुस्तक गाडीच्या काचेपाशी उन्हात वाळतंय. पाहणीवाल्याने फोनवर विचारलं तर ठणकावून सांगतील, इव्हॅन्जेलिकल! आपल्याकडे जातीच्या रकान्यात माणूस जन्माने पडतो. इथे तो मत देऊन धर्माच्या रकान्यात शिरतोय. एका दारातून असे लोक आत येतात आणि दुसऱ्या दारातून वर्षानुवर्षं बाकावर बसलेले बाहेर जातात, म्हणून टक्का तोच राहतो. २०२१ मध्ये बेथ मूर सदर्न बॅप्टिस्ट संघ सोडून गेल्या. हजारो बायकांना त्यांनी शास्त्र वाचायला शिकवलं होतं, मलासुद्धा. त्याच वर्षी रसेल मूर याच संघातलं पद सोडून ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या मासिकात गेले. ते सांगतात की अनेक पाळकांनी त्यांना एकच अनुभव सांगितला: उपदेशात ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हटल्यावर कुणीतरी येऊन विचारतं, हे डाव्यांचं बोलणं तुम्ही कुठून उचललं? पाळक सांगतो, हे प्रभू येशूचे शब्द आहेत. त्यावर माणूस म्हणतो, ते आता चालत नाही. २००६ मध्ये संघाचे सभासद एक कोटी ६३ लाख होते. २०२३ मध्ये एक कोटी ३० लाखांच्याही खाली आले. सगळे राजकारणामुळे गेले असं मी म्हणणार नाही. काही तर देवाघरी गेले.

याच लोकांची दुसरी बाजू दाखवल्याशिवाय पत्र संपवलं तर मीही तुमच्यासारखीच होईन. आमच्याच इमारतीत दुपारी स्पॅनिश मंडळी भरते. जानेवारी २०२५ मध्ये चर्च आणि शाळांपाशी स्थलांतरितांची धरपकड न करण्याचं जुनं धोरण सरकारने मागे घेतलं. त्यानंतरच्या रविवारी त्यांच्याकडे निम्मे बाक रिकामे. इव्हॅन्जेलिकलांच्या राष्ट्रीय संघटनेने आणि तिची मदतसंस्था वर्ल्ड रिलीफ यांनी कॅथलिक बिशपांच्या जोडीने त्या वसंतात एक अहवाल काढला, त्यात होतं की अमेरिकेतल्या दर बारा ख्रिस्ती माणसांतला एक जण स्वतः हद्दपारीच्या टप्प्यात आहे किंवा अशा कुणाबरोबर एका घरात राहतो. म्हणजे उपऱ्याचा प्रश्न वेशीबाहेरचा राहिला नाही, शेजारच्या बाकावर आला. स्पॅनिश मंडळीतल्या एका बापाने गाडी चालवणं सोडलं, रस्त्यात अडवलं तर संपलं म्हणून. त्याच्या मुलांना रोज सकाळी शाळेत कोण सोडतं माहीत आहे? डीकन. तेच, कुत्र्याचं उदाहरण देणारे. मी विचारलं, तुमच्या मताचं काय मग? म्हणाले, ‘‘मत मी गुन्हेगारांविरुद्ध दिलं होतं, या माणसाविरुद्ध नाही.’’ मला हे पटत नाही. ज्याने मत दिलं त्यानेच रोज गाडी काढायची, हा हिशेब माझ्याच्याने लागत नाही. पण ते सकाळी पावणेसातला निघतात, पाऊस असला तरी.

इस्रायलचं थोडक्यात सांगते. जुन्या पिढीला इस्रायल म्हणजे पुरी होत चाललेली भविष्यवाणी, अब्राहामाला दिलेला शब्द. तिशीच्या आतल्या इव्हॅन्जेलिकलांमध्ये हा पाठिंबा २०१८ ते २०२१ या तीनच वर्षांत निम्म्याच्याही खाली आल्याचं पाहणीत दिसलं, गाझाच्या युद्धाआधी. माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणते, आई, आम्हाला तो नकाशा शिकवलाच नाही. पुढच्या दहा वर्षांत गठ्ठ्याला पहिली मोठी चीर पडली तर ती इथे पडेल असा माझा अंदाज आहे.

आणि २१ सप्टेंबर २०२५. ॲरिझोनात ग्लेनडेलच्या स्टेडियमवर चार्ली कर्क या खून झालेल्या उजव्या विचारांच्या तरुण नेत्याची शोकसभा होती. त्यांची पत्नी एरिका मंचावर आली आणि नवऱ्याला मारणाऱ्या तरुणाला क्षमा करते म्हणाली. मी स्वयंपाकघरात उभी होते, हातातली कणीक तशीच. राजकारण बाजूला ठेवा, त्या क्षणी ती बाई सुवार्ता जगत होती. थोड्या वेळाने त्याच मंचावरून राष्ट्राध्यक्ष म्हणाले की इथे माझं चार्लीशी पटत नाही, मी विरोधकाचा द्वेष करतो आणि त्याचं भलं चिंतत नाही. लोक हसले. टाळ्या दोघांनाही पडल्या. पुढच्या रविवारी आमच्या पाळकांनी फक्त एरिकाचा उल्लेख केला, राष्ट्राध्यक्षांच्या वाक्यावर अक्षर काढलं नाही. उपासनेनंतर एक विशीतला मुलगा त्यांना विचारत होता, दुसऱ्या वाक्याचं काय? पाळक त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत राहिले, काय ते ऐकू आलं नाही.

तुमच्याकडे त्या आठवड्यात गाजलं ते वेगळंच. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला हनुमानाची ९० फुटी मूर्ती आहे, तिच्याबद्दल टेक्सासमधला एक रिपब्लिकन उमेदवार वेडंवाकडं बोलला. पुढच्या महिन्यात मिसिसिपीतल्या एका कार्यक्रमात व्हान्स म्हणाले की आपल्या हिंदू पत्नीने कधीतरी ख्रिस्ताकडे यावं अशी आपली इच्छा आहे, त्यावर चार दिवस चर्चा झाली. चर्चा व्हायलाच हवी होती. माझ्या हिंदू शेजारणीला त्या उमेदवाराच्या बोलण्याने लागलं, आणि मी तिच्या घरी जाऊन बसले, कारण दुसरं काय करायचं मला सुचलं नाही. फक्त एवढंच, की आपल्याला झळ लागली तरच आपण त्यांच्याकडे बघतो आणि तेव्हा आपल्याला फक्त झळ दिसते.

नोव्हेंबरात काय करावं, ते सुचवते. आकडा देताना ‘गोरे’ हा शब्द गाळू नका. ‘कट्टर’ लिहिण्याआधी विचारा की हा माणूस शेवटचा चर्चला कधी गेला होता. उत्तराने तुम्ही चकित व्हाल. ‘मिशनरी’ हा शब्द इथे वापरूच नका, तुमच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच पालघरचा पाडा किंवा डांग उभा राहतो आणि ओहायोतला प्लंबर तिथे बसत नाही. आणि जमलं तर एकदा न्यूयॉर्कच्या बातमीदाराला इकडे पाठवा. आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला मंडळीत जेवण असतं, मग प्रार्थना. बहुतेकदा चिकन, उकडलेल्या शेंगा आणि फार गोड चहा. बाहेरचा माणूस आला तर त्याला ताट आधी. डीकनांच्या टेबलावर जागा असते, ते बोलतील, थांबवावं लागेल. शाकाहारी असेल तर आधी कळवा, मी डबा आणीन.

आपली,
नगरची एक लेक,
मुक्काम डॅलसच्या उत्तरेला